खंडेनवमीचा पहारा

नागनाथरावांच्या ऑफिसच्या कार्डावर नुसतं 'नागनाथ राव' असं छापलेलं होतं, त्यामुळे पुण्या-नागपूरहून बंगळुरातल्या इंदिरानगरात नोकरीला आलेल्या पोरापोरींना हा गृहस्थ आधी तेलुगू वाटायचा. ती त्यांच्यादेखत बिनधास्त मराठीत त्यांची टिंगल करत. मग आठवडाभराने नागनाथराव चहाचा कप खाली ठेवून सांगत, की बाळांनो, मीही तुमच्यातलाच, स्वल्प जुना आहे एवढंच. हे 'स्वल्प' म्हणजे साडेतीनशे वर्षं. त्यांचं घराणं मराठी फौजेबरोबर बंगळुरात आलं आणि परत जायचं राहून गेलं. किल्ल्याच्या एका दरवाजाचा पहारा म्हणे त्यांच्याकडे होता. पुरावा शून्य. पण खंडेनवमीला चामराजपेटेतल्या त्यांच्या दोन खोल्यांच्या घरात एक गंजकी तलवार पाटावर मांडली जाई, तिला झेंडूची माळ पडे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तरपूजा होईपर्यंत तिला कुणी बोट लावत नसे. तलवारीलाच काय, विळीला, शिलाई मशीनला, स्कूटरलाही नाही. त्यांच्या पत्नी कमलाबाई भाजी आदल्या दिवशीच चिरून ठेवत.

राखणदारी रक्तात असते की नाही ते देव जाणे, पण नागनाथरावांना जन्मभर कामं मिळाली ती राखणीचीच. तरुणपणी ते एका कारखान्यात बॉयलरच्या काट्यांसमोर बसले. कारखाना बंद पडला तेव्हा चाळिशी जवळ आली होती. मग निम्म्या वयाच्या मास्तरांकडून कॉम्प्युटर शिकले, थंडगार सर्व्हर रूममध्ये स्वेटर घालून बसले, आणि तिथून या कंपनीत मॉनिटरिंगला आले. आता पुढच्या वर्षी निवृत्ती होती.

हे मॉनिटरिंग म्हणजे काय, ते कमलाबाईंना त्यांनी एकदा समजावलं होतं. एक मोठं यंत्र असतं, खरंखुरं, लोखंडाचं. त्याच्या पोटात दहा-वीस यंत्रं नुसती मानलेली असतात. प्रत्येकाला वाटतं आपला संसार वेगळा, प्रत्यक्षात सगळे एकाच घरातले भाडेकरू. त्यांना व्हर्च्युअल मशीन म्हणतात. आमच्या गिऱ्हाइकांचे निम्मे भाडेकरू त्यांच्या स्वतःच्या तळघरात राहतात आणि निम्मे क्लाउडमध्ये, म्हणजे दुसऱ्या कुणाच्या तरी इमारतीत, जी आपण कधी डोळ्यांनी पाहिलेली नाही. दोन्हींच्या मधे एक आतला रस्ता. कोण आजारी पडलाय, कुणाकडे चोर शिरलाय, कुणाच्या सामानाची रोजची नक्कल नीट निघाली का, हे बघत बसायचं. कमलाबाई म्हणाल्या, म्हणजे वठाराचे, चाळीचे वॉचमन. नागनाथराव म्हणाले, सरी, बरोबर, तसंच.

त्यांच्यासमोर भिंतभर स्क्रीन होता. प्रत्येक यंत्राचा त्यावर एक चौकोन, सगळं ठीक असेल तर हिरवा. काही बिघडलं की लाल, आणि वर भोंगा. तो भोंगा असा कर्कश, की एका वर्षी खंडेनवमीला ऑफिसातल्या आयुधपूजेची आरती ऐन रंगात असताना वाजला आणि पूजा सांगायला आलेल्या आचार्यांच्या हातून पळी पडली. तेव्हापासून ऑफिसात एक रीत पडली. पूजेपुरता नागनाथरावांनी सगळ्या इशाऱ्यांना मौन द्यायचं. कॉम्प्युटरवर 'अमुक वाजेपर्यंत गप्प' असं लिहिलं की तेवढा वेळ भोंगाही वाजत नसे आणि चौकोनही रंग बदलत नसत. कारण साधं होतं, पूजेत असलेलं आयुध लाल होऊन ओरडू नये. ही रीत मॅनेजरांना ठाऊक होती, त्यांच्या आधीच्या मॅनेजरांनाही होती. सगळे हात जोडून उभे असत, कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. बंगळुरात बसच्या चाकाखाली लिंबं ठेवतात आणि तिच्यासमोर कोहळा फोडतात, तिथे सर्व्हरला तासभर विश्रांती दिली तर कोण हरकत घेणार.

त्या वर्षी मात्र पाहणीची नवी व्यवस्था बसवली होती. जुनीला फक्त तळघरं दिसत. नवीला तळघरं आणि क्लाउड दोन्ही एका नजरेत दिसत, आणि नागनाथराव तिच्यावर बेहद्द खूश होते. नवं घड्याळ घेतलेल्या माणसासारखे ते जाता-येता भिंतीकडे बघत.

पूजा छान झाली. केळीचे खांब बांधले, रॅकना कुंकू लागलं, आणि भिंतीवरच्या स्क्रीनला वरच्या कडेवरून झेंडूची जाडजूड माळ घातली. ती दोन्ही बाजूंनी लोंबत होती. नागनाथरावांनी दुपारी एकपर्यंतचं मौन लिहून टाकलं होतं. आरती झाली, कडलेपुरीच्या, म्हणजे चुरमुरे-डाळ्यांच्या पुड्या वाटल्या, आणि पोरं भराभर घरी पळाली. मॅनेजर मल्हार, हा पुण्याचा, निघताना म्हणाला की अण्णा, तुम्हीही लवकर निघा, कोणीतरी घरून बघेल. नागनाथराव म्हणाले, पहाऱ्याची जागा घरून बघता येत नाही. ते दरवर्षी हेच म्हणत आणि दरवर्षी स्वतः थांबत. तरुणांनी सण करावा, आपण बसावं, यात त्यांना एक प्रकारचा मोठेपणा वाटे, आणि तो खोटा नव्हता.

एक वाजला. मौन संपलं असं त्यांनी धरलं. भिंत हिरवीगार होती.

ती हिरवीगार असायचं कारण वेगळंच होतं. नवी व्यवस्था आपल्या घड्याळाने चालत नव्हती. जगभरची यंत्रं एकत्र सांभाळायची म्हणून ती ग्रीनिचची वेळ धरत असे. तिला सांगितलेला एक म्हणजे ग्रीनिचचा एक, आपल्याकडचे संध्याकाळचे साडेसहा. तोवर ती दिलेल्या आज्ञेप्रमाणे इमानदारीत गप्प राहिली. मौन चालू असल्याची खूण मात्र ती दाखवत होती. स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात एक बारकीशी फुली मारलेली घंटा होती. त्या कोपऱ्यावर झेंडूची माळ लोंबत होती.

माळ थोडी बाजूला सारावी असं नागनाथरावांच्या मनात आलंही. कोपरा झाकलाय हे त्यांना दिसत होतं. पण पूजेतलं आयुध, उत्तरपूजेआधी त्याला हात लावायचा नाही. लहानपणापासून पाळलेली गोष्ट, हात पुढे होऊन मागे आला. कोपऱ्यात असतं काय, तारीख-वार, असा विचार करून ते खुर्चीत नीट बसले.

त्यांच्या गिऱ्हाइकांत एक धर्मादाय कॅन्सर हॉस्पिटल होतं. तिथल्या एका कर्मचाऱ्याचा पासवर्ड आधीच कुणीतरी लांबवला होता आणि सणाच्या दिवसाची वाट बघितली होती. चोर दुपारी क्लाउडच्या बाजूने शिरले, आतल्या रस्त्याने तळघरात उतरले, आणि जाणत्या चोरासारखं त्यांनी पहिलं काम केलं ते नकला पुसायचं. क्लाउडमधल्या पुसल्या, तळघरातल्या पुसल्या. मग एकेका यंत्राला आपलं कुलूप घालत सुटले. हे सगळं अख्खी दुपार चाललं. नागनाथराव समोर बसून होते. ते झोपले नाहीत, पेपर वाचला नाही, जेवणाचा डबासुद्धा त्यांनी भिंतीकडे तोंड करून खाल्ला.

तीनच्या सुमाराला शाल्मलीचा फोन आला. ही नागपूरची मुलगी, नकला काढण्याचं काम तिच्याकडे. ती व्हाइटफील्डला मैत्रिणींबरोबर बाहेर जायच्या तयारीत होती आणि तिच्या मोबाइलवर कसलासा आकडा नेहमीपेक्षा लहान दिसला होता.

"अण्णा, हॉस्पिटलच्या बॅकअपचा साइझ थोडा वियर्ड दिसतोय. मी लॉगिन करून बघू का?"

"सगळं हिरवं आहे बघ," नागनाथराव म्हणाले. "मी समोरच बसलोय. तू सण कर."

शाल्मलीने सण केला. तिच्या जागी कुणीही तेच केलं असतं, कारण नागनाथअण्णा समोर बसलेत म्हटल्यावर त्या ऑफिसात कुणी दुसऱ्यांदा विचारत नसे.

साडेसहाला भोंगा वाजला. एक-दोन चौकोन लाल झाले असते तर माणूस उठून फोनकडे धावला असता. इथे हॉस्पिटलचे सगळेच्या सगळे चौकोन एकदम लाल झाले होते. नागनाथराव भिंतीकडे बघत बसले, मग उठून त्यांनी प्रथम झेंडूची माळ ओढून काढली, आणि मग त्यांना ती फुली मारलेली घंटा जिथे होती तो कोपरा दिसला. घंटा नुकतीच नाहीशी झाली होती. पण नोंद होती, कधीपासून कधीपर्यंत मौन, आणि कुणी दिलं. काय झालं ते त्यांना त्या क्षणी कळलं. ते तिथेच जमिनीवर बसले.

पुढचं सगळं नेहमीच्या वळणाने गेलं. चौकशी झाली. पूजेच्या मौनाला मॅनेजरांची संमती होती का, या प्रश्नावर मल्हारने सांगितलं की अशी काही अधिकृत पद्धत नव्हती. ते खरंही होतं, लेखी काहीच नव्हतं. त्याने हे सांगताना नागनाथरावांकडे बघितलं नाही. शाल्मलीने फोनचं जसं झालं तसं सांगितलं आणि बाहेर येऊन जिन्यात रडली. नागनाथरावांनी तिला पाणी आणून दिलं. तुझं काही चुकलं नाही, असं ते तिला दोनदा म्हणाले. नव्या व्यवस्थेचं घड्याळ कुणीच तपासलं नव्हतं, शिकवायला आलेल्या माणसाने ते सांगितलं नव्हतं, हेही पुढे आलं आणि मागे पडलं. शेवटी दोष एकाच माणसावर ठेवणं सगळ्यांनाच सोयीचं होतं, आणि त्या माणसाची तक्रार नव्हती. त्यांनी कार्ड परत केलं. हॉस्पिटलशी कोणताही संपर्क करू नये, एवढी ताकीद त्यांना दिली गेली.

ती त्यांनी पाळली नाही. घरी बसून त्यांना एकच गोष्ट खात होती. यंत्रं पुन्हा उभी राहतील, पण त्या यंत्रांत होतं काय? आणि जे होतं ते ज्यांचं होतं, त्यांचं काय झालं? हे त्यांना कुणी सांगत नव्हतं. कमलाबाई म्हणाल्या, अहो, जाऊन काय करणार, तुमच्याने आता काय परत येणार आहे. सकाळी आंघोळ करून, ऑफिसला जायचे तशीच इस्त्री केलेली पँट घालून ते दोन बस बदलून हॉस्पिटलात गेले.

रेडिएशनच्या विभागाबाहेर मोठा हॉल होता आणि तो भरलेला होता. तिथे त्यांना उत्तर मिळालं. प्रत्येक रोग्याला किरण कुठून, किती, कोणत्या कोनातून द्यायचे, याचा आराखडा डॉक्टर फार मेहनतीने करतात. ते आराखडे गेले होते. किरण सोडणारं खरं यंत्र धडधाकट होतं, पण कुठे सोडायचे ते त्याला आठवत नव्हतं. उपचार मधेच थांबलेली माणसं रोज येऊन बसत आणि संध्याकाळी परत जात. या उपचारात खंड पडला की गाठ पुन्हा डोकं वर काढते, हे तिथल्या झाडूवाल्या बाईलाही माहीत होतं.

नागनाथराव रोज जाऊ लागले. ते टोकनं घेऊन देत, फलकावरचं इंग्रजी वाचून दाखवत, कुणाच्या खुर्चीला चाक अडलं तर ढकलत. नातेवाइकांना ते हॉस्पिटलचे वाटत आणि हॉस्पिटलवाल्यांना नातेवाईक. प्रायश्चित्त वगैरे मोठे शब्द इथे कामाचे नाहीत. त्यांना घरी बसवत नव्हतं, एवढंच.

तिथे गंगव्वा होती. गदगकडची म्हातारी, सत्तरीची, मुलगा-सून बोम्मनहळ्ळीत राहत आणि दोघंही कामावर जात, म्हणून ती एकटीच येऊन बसे. घशाचा कॅन्सर. आवाज म्हणजे कोरड्या पानांवरून चालल्यासारखा. उपचार निम्म्याहून जास्त झाले होते, गाठ बसत चालली होती, ती पेज सोडून मऊ भात गिळू लागली होती, आणि तेवढ्यात सगळं थांबलं. नागनाथरावांना ती तम्मा म्हणायची, म्हणजे धाकटा भाऊ. ते तिला अक्का म्हणत. दोघांचं बोलणं अर्थातच कन्नडमध्ये चाले.

घशाला किरण देताना मान तसूभरही हलू नये म्हणून रोग्याच्या चेहऱ्यावर एक जाळीदार मुखवटा बसवतात, ज्याचा त्याचा मोजून केलेला. गंगव्वाचाही आत होता, वर तिचं नाव लिहिलेला. ती एक दिवस म्हणाली, "माझं तोंड आत खुंटीला टांगलंय, तम्मा. आणि मी इथं बसलेय." असं म्हणून ती हसली. नागनाथरावांना त्या दिवशी डबा उघडवला नाही.

रोज ती विचारी, आज तरी यंत्र जागं होईल का. ते सांगत, होईल अक्का, काम चालू आहे. आराखडे नव्याने करायचं काम खरोखरच चालू होतं. लहान मुलं आधी, मग बाकीचे. गंगव्वाचा भात पुन्हा पेजेवर आला. मग पेजही पाणी घालून घालून. नागनाथराव तिच्या गळ्याकडे बघायचं टाळत, पण उजवीकडचा फुगवटा पदराखालूनही कळत होता. तिच्या आधी आलेली माणसं एकेक करून आत जाऊ लागली, तेव्हा त्यांनी चक्क देवाला साकडं घातलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी अगदी नेमकं काही मागितलं होतं, की हिची पाळी वेळेत यावी.

पाळी आली. नवं स्कॅन झालं. जुना मुखवटा तिला सैल होत होता, इतकी ती वाळली होती. डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या, त्यांनी तिला समोर बसवून समजेल असं सांगितलं. आता रोग पसरलाय. यापुढे किरण दिले तरी ते दुखणं कमी व्हायला, बरं व्हायला नाही. मुलाला बोलावून घ्या.

ती बाहेर येऊन नागनाथरावांच्या शेजारी बसली आणि त्यांना हे जसंच्या तसं सांगितलं, बाजारातला भाव सांगावा तितक्या शांतपणे. रडली नाही. मुलाला फोन लावून दे म्हणाली. त्यांनी लावून दिला. मुलगा निघाला होता.

मग नागनाथराव म्हणाले, "अक्का, तुला एक सांगायचंय." आणि त्यांनी सांगितलं. व्हर्च्युअल मशीन, क्लाउड, ग्रीनिच, यातलं काही तिला सांगून उपयोग नव्हता, म्हणून त्यांनी गाळलं, आणि सगळं गाळल्यावर जे उरलं ते फार थोडं होतं. तुमच्या सगळ्यांचे आराखडे जिथे ठेवले होते, तिथला राखणदार मी. चोर आले तेव्हा मी पहाऱ्यावर होतो. हाकाटी व्हायची घंटा पूजेसाठी मीच बांधून ठेवली होती आणि ती सुटली असं समजून बसलो होतो. मला काही दिसलं नाही.

गंगव्वाने त्यांच्याकडे नीट बघितलं. इतक्या दिवसांत तिने त्यांना असं बघितलं नव्हतं.

"झोपला होतास?"

"नाही."

"प्यायला होतास?"

"नाही अक्का. जागा होतो. अख्खी दुपार समोर बघत बसलो होतो."

हॉलमध्ये कुणाचं तरी टोकन पुकारलं गेलं आणि एक माणूस धडपडत उठून आत गेला. गंगव्वाने पदर गळ्याभोवती घट्ट केला.

"झोपला असतास तर बरं झालं असतं," ती त्या कोरड्या आवाजात म्हणाली. "कुणीतरी येऊन हलवलं असतं. आणखी कुणीतरी उठून बघितलं असतं. तू जागा बसलास, म्हणून कुणी आलंच नाही."

नागनाथरावांना शाल्मलीचा फोन आठवला. मी समोरच बसलोय, तू सण कर. चौकशीत इतके लोक इतके दिवस इतकं बोलले, पण हे त्यांना कुणी म्हणालं नव्हतं. क्षमा मागायची राहून गेली.

थोड्या वेळाने गंगव्वाचा मुलगा आला, कारखान्याचा गणवेश अंगावरच होता. डोळे लाल होते, पण आईसमोर त्याने स्वतःला सावरलं. तिला हाताला धरून उठवताना त्याचं लक्ष शेजारी गेलं, इस्त्रीच्या कपड्यांतल्या या वयस्कर गृहस्थाकडे. आईने घरी ज्याचं नाव घेतलं असेल तो तम्मा हाच, असं वाटून त्याने हात जोडले आणि आईला विचारलं, हे कोण.

"कुणी नाही," गंगव्वा म्हणाली. "इथं नुसते बसलेले असतात."